शेजारच्या पलंगावरचा हात

शाळा सातवीतच सुटली, म्हणून घडलं तसंच सांगतो, नटवता येत न्हाई. माझी मान दोन वर्षांपासून धरलेली. कोणी मागून हाक मारली की बैलगाडीवानी आख्खंच वळावं लागे. गावातली पोरं मुद्दाम हाका मारत, मी बी मुद्दाम वळून त्यांच्या बापाचा उद्धार करी. शेवटी आखाडा बाळापूरला शेकायला जाऊ लागलो. तिथं शीतल नावाची फिजिओथेरपीची डॉक्टरीण. मानेला चिकटपट्ट्या लावून करंट सोडते, वरून लाल लाईट, डोळ्यांवर काळा चष्मा. पालथं पडायचं. मानेवर लाल मुंग्या फिरल्यावानी होतं, पण हलायचं न्हाई.

"पोरी, करंट लागून मेलो तर भूत होऊन तुझ्याच मानेवर बसंन."

"बसा आजोबा, पण आता हलू नका."

पडद्यापलीकडच्या पलंगावर राधाकृष्णराव. कळमनुरीचे रिटायर कारकून, ओळख इथलीच. मी त्यांना रोज छळी. "राव, जन्मभर मान वर न करता लोकांना 'उद्या या' म्हणलं, म्हणून दुखते." ते नुसतेच फुरफुरत.

एका दुपारी लाईट गेली. मशीनची गुणगुण थांबली. शीतल बाहेर फोनवर इन्व्हर्टरवाल्याशी भांडून राहिली होती. अन् पलीकडून आवाज आला,

"आहाहा... तिथंच, बाई..."

"कोण बाई हो राव?"

"मालिशवाली. लाईट गेली की येते. डाव्या हाताला करंगळी नाही हो तिच्या, पण अंगठा काय चालतो!"

"बोलते का काही?"

"म्हणते, ढिली सोडा, चोरावानी आखडू नका."

पद्माबाई. माझी बायको. तिची करंगळी कडबा कापायच्या मशीनीत गेली होती. माझी मान दाबताना हेच बोलायची, ह्याच शब्दांत. तिला जाऊन चौदा एप्रिलच्या दोन जयंत्या झाल्या.

तुमी म्हणाल, घाबरला असशील. न्हाई. आधी पेटलो. मेलेली बायको यावी, अन् ती त्या कारकुनाकडं? ज्याच्या आज्यानं तिची सावली पडली म्हणून आंघोळ केली असती, तो मान देऊन आहाहा करून राहिला! अन् मी, तिचा नवरा, हातभर अंतरावर बंद पडलेल्या चिकटपट्ट्यांसंग!

निघताना शीतलला विचारलं. "मालिशवाली? मी एकटीच असते आजोबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राधाकृष्णरावांच्या कानाला लागलो. "राव, तुमच्या पलंगाच्या मशीनीत थ्री फेज सोडलाय. काल एकाची कवळी उडून भिंतीला चिकटली." बिचारे मुकाट्यानं माझ्या पलंगावर गेले. मी त्यांच्या जागी पडलो. चष्म्याआड अंधार, मानेवर मुंग्या. अन् मुंग्या एकदम थांबल्या. लाईट गेली.

पडदा हलला न्हाई. पावलं वाजली न्हाईत. जळक्या लसणाचा, तिळाच्या तेलाचा वास आला, अन् मानेवर हात टेकला... अंगठा अन् तीन बोटं. ओल्या रांजणावानी गार.

"पद्मे..." मी म्हणालो. "मी हाय... जळबा..."

बोटं थांबली. मग वर सरकली. कान चाचपला, गालावरची मस चाचपली, मिशीवरून फिरली. ओळख पटवून राहिली होती. अन् हात उचलला गेला.

मी वाट पाहिली. श्वास धरून पाहिली.

पलीकडून आवाज आला, "आलात का बाई... हळू..."

चष्मा फेकला, पट्ट्या ओढून काढल्या, पडदा सारला. राधाकृष्णराव एकटेच पालथे. त्यांच्या मानेच्या मांसात अंगठ्याएवढा खड्डा पडत होता, भरत होता, जरा खाली पुन्हा पडत होता. जवळ कोणी न्हाई.

"राव... तिला म्हणा... माझी बी दाब म्हणा..."

ते तोंड न उचलताच पुटपुटले. मग कान देऊन ऐकलं.

"काय... काय म्हणाली?"

"म्हणते, त्यांचं घरी करते." राव कण्हले, जरा खट्टू झाले. "नशीबवान आहात हो जळबा. आम्हाला मेलं इथवर यावं लागतं."

घरी आलो तेव्हा दिवस बुडत होता. पोरगं पुण्याला, घरात मी एकटा. कुलूप बराबर होतं. आत जाऊन बल्ब लावला. माझी बाज कायम भिंतीला चिकटून असते. ती पुढं ओढलेली होती. डोक्याकडून एका माणसाला उभं राहता येईल, एवढीच.

मी ती मागं सरकवली न्हाई. तिच्यावर निजलो बी न्हाई. गोधडी घेऊन बाहेर ओट्यावर पडतो, अन् मान कितीबी ठणकली तरी कण्हत न्हाई.