हालकुड्यांच्या घरातली गळती

"घरात गळती. जागा, स्वयंपाकघर. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती न झाल्यास पाणी बंद."

"कळलं रे बाबा, कळलं! किती वेळा सांगशील?" रेवती हालकुडे फोनवरच डाफरली. बोलणारा होता जलकर्ण. महापालिकेचं अंगठ्याएवढं यंत्र, दाराबाहेर पाइपला चिकटून दिवसरात्र पाण्याचा आवाज ऐकत बसायचं. बादली भरली, मशीन लागलं, कुणी हात धुतले, सगळं त्याला आवाजावरून कळायचं. एकेकाळी रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या लातुरात आता नळाला दिवसभर पाणी असे, पण ते प्रत्येक घराला मोजूनमापून. त्यामुळे गळतीला माफी नव्हती. नळ बंद झाला की कळशा घेऊन चौकातल्या टाकीवर जायचं, आणि सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना घेऊन ते कसं जमणार, हा रेवतीच्या जिवाला घोर.

शकील प्लंबरने ओट्यामागची भिंत फोडली. आत बोट फिरवून म्हणाला, "वहिनी, पाइप ठणठणीत. भिंतही कोरडी खडखडीत."

"मग पाणी काय भूत पितंय?"

"यंत्र म्हणतं जातंय, म्हणजे जातंय. पण पाइपातून नाही, एवढं नक्की."

गळती दुपारीच व्हायची, रेवती कॉलेजात शिकवत असताना. नवरा नोकरीपायी पुण्यात, त्यामुळे दुपारी घरात एकटे अप्पा, तिचे सासरे. शेवटी गुरुवारी तिने सुट्टी टाकली आणि पेपर तपासत मधल्या खोलीत ठाण मांडलं.

जेवणं झाल्यावर अप्पा स्वयंपाकघरात गेले. तांब्याचा हंडा मोरीत पालथा केला, चिंचेने घासला, नळाखाली लावला आणि भरल्यावर वर ताटली झाकली.

"अप्पा, पाणी असतं की आता दिवसभर."

"असेना का. पाणी आलं की शिळं ओतायचं, ताजं भरायचं. तुझ्या सासूने कधी शिळं ठेवलं का?"

नव्हतं ठेवलं. पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेव्हासुद्धा उरलेलं ओतूनच हंडा भरला जायचा. गल्लीत सगळ्यांचं तेच. रेवती हसली आणि पुन्हा पेपरांकडे वळली.

थोड्या वेळाने अप्पा लगबगीने आले. "रेवती, पाणी आलं बघ! शिळं ओतून टाकतो."

तिला वाटलं, चेष्टा करतायत. पण मोरीत हंडा खळखळून रिकामा झाला, नळ सुटला आणि तिच्या हातातला फोन बोलला, "गळती सुरू."

ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. माणूस पाणी वापरतो ते कमीजास्त, कसंही. तेवढंच पाणी पुन्हा पुन्हा जात राहिलं, तर ती गळती, असं जलकर्णाला शिकवलेलं. एकच हंडा कुणी दुपारभर भरत राहील, हे शिकवणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसेल. आणि ती? एकाच घरात राहून तिलाही कळलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने फोनवर खरं कारण नोंदवलं. जलकर्णाने लगेच तोडगा दिला. नळ हात ओळखतो. त्या व्यक्तीच्या हाताला नळ उघडणारच नाही, अशी सोय करता येईल. करू का?

म्हणजे स्वतःच्या घरात अप्पांनी नळाखाली तांब्या धरायचा आणि नळाने ढिम्म राहायचं. तिचं बोट फोनवर अडलं. पण उद्या शुक्रवार होता.

तेवढ्यात अप्पा तिसऱ्यांदा हंड्यापाशी आले. ताटली उचलली आणि तसेच थांबले. हंडा काठोकाठ भरलेला, लख्ख घासलेला.

"रेवती, खरं सांग. हे मी मघाशीच भरलं का गं?"

थाप मारणं सोपं होतं. पण तिच्या तोंडून "हो अप्पा" एवढंच निघालं, आणि मग सगळंच. यंत्र, भिंत, न उघडणारा नळ.

अप्पा पाटावर बसले. मग म्हणाले, "एसटी स्टँडवर मी गाड्या पुकारायचो. गाडी सुटली की तेही सांगायचो, म्हणजे लोक उगाच थांबायचे नाहीत. तुझ्या त्या यंत्राला ऐकू येतं म्हणतेस ना? मग नळ कशाला बंद करायचा? 'अप्पा, पाणी भरलंय' एवढं पुकारता येईल त्याला?"

रेवतीचे डोळे भरून आले. तिने भराभर जलकर्णाला विचारलं. "येईल, नळापाशीच ऐकू जाईल," तो म्हणाला. "आवाज कुणाचा ठेवू?"

"माझाच ठेव," ती म्हणाली, आणि फोन तोंडाशी धरून ते वाक्य बोलली. अप्पांनी समाधानाने मान हलवली. मग हंड्याच्या गार काठावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

"पण पोरी, तू सांगशील भरलंय, आणि माझं मन म्हणेल अजून नाही. त्या वेळी मी कुणाचं खरं मानायचं?"