निरोप न दिलेला दिवा

नवऱ्याने नवं खेळणं आणलं की ते निस्तरायचं काम माझ्याकडे येतं. या वेळी त्याने नवा हब आणला. हब म्हणजे घरातल्या स्मार्ट दिव्यांना हुकूम सोडणारा पांढरा डबा. जुन्याची कंपनी बंद पडली होती. प्रितमने नवं पॅकेट माझ्या हातात दिलं आणि स्वतः धानाच्या सौद्यासाठी तुमसरहून साकोलीला निघून गेला. जाताना म्हणाला, "दिवे जोडून घे, सोपं काम आहे." सोपं असतं तर तो साकोलीला गेलाच नसता.

काम टाळण्यासारखंही नव्हतं. माझ्या सासूबाईंना, शकुनबाईंना, दिवस कलला की दिसत नाही. गेल्या वर्षी त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून त्यांच्या खाटेपासून घरातल्या बोळातून मागच्या दाराजवळच्या संडासापर्यंत दिवे बसवलेत. त्या चालतील तसा पुढचा दिवा लागतो. अंधाराच्या आत ते सगळे नव्या हबवर यायला हवे होते.

प्रत्येक दिव्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद करत राहायचं. मग तो मिचमिचतो आणि नव्या हबला सापडतो. बोट दुखून आलं, पण एकेक करत सगळे आले. एकच येईना, वाटेवरच्या सासऱ्यांच्या खोलीतला. सासरे भादव्यात वारले होते.

मी प्रितमला फोन लावला.

"काहून नाही होऊन राहिला? बटण बरोबर दाब ना."

"तेच दाबून राहिली मी कधीची. फोनवर दाखवते, तो जुन्या हबवर आहे."

"जुना चालू ठेवला असशील."

जुना हब माझ्यासमोर टेबलावर पडला होता, वायर काढलेला. मी फोन ठेवला.

तेवढ्यात खोलीतला दिवा आपोआप लागला, मंद पिवळा. राइस मिलकडून येणारा उकड्या धानाचा वास आमच्या घरात बारा महिने असतो. त्या खोलीत तो नव्हता. तिथे घरामागच्या तलावाच्या गाळाचा वास येत होता.

"बाई, थ्या दिव्याले जा म्हणून कोणी सांगतलंच नाही," सासूबाई दारातून म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या जागी तेरवीपर्यंत दिवा ठेवतात, मग त्याला पाण्यात सोडून निरोप देतात. पंख्याने पणती विझते म्हणून प्रितमने शहाणपणा करून हा बल्बच अखंड चालू ठेवला होता. तेरवीला पंगतीच्या गडबडीत निरोपाचं कोणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तो फोनवरून बंद केला आणि विषय संपवला.

"मग तुम्हीच सांगा त्याला आता," मी म्हणाले. मला तेव्हा फक्त वैताग आला होता, भीती नाही.

भिंतीला धरून त्या बल्बखाली गेल्या. "जा आता तुमी... मी बरी आहो."

दिवा विझला. फोनवर अक्षरं उमटली, दिवा सापडला. मला इतकं हायसं वाटलं की मी चहा टाकला.

दिवेलागणीला आम्ही दोघी समोरच्या खोलीत बसलो होतो. बोळातला पहिला दिवा लागला. मग थांबून दुसरा. म्हातारं माणूस चालतं तशा संथपणे ते मागच्या दाराकडे चालले होते. बोळात कोणी नव्हतं. सासऱ्यांच्या खोलीपाशी ते थांबले.

"आई... नवीन आहे ना, चुकत असेल..." मी म्हणाले.

सासूबाई उठल्या. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. "आली ना... घाई काहून करता," असं म्हणत त्या भिंतीला हातही न लावता सरळ चालत गेल्या. पुढचे दिवे पुन्हा लागू लागले. मी धावले आणि त्या मागच्या दाराची कडी काढत असतानाच त्यांना कवेत धरलं. एवढीशी बाई, पण मला आवरेना.

"आई, पडाल तुम्ही..."

"कायले धरून राहिली मले? उजेड आहे ना समोर."

दार उघडलं होतं. अंगणातून तलावाच्या पाण्यापर्यंत एकेक दिवा लागत चालला होता. घराबाहेर आम्ही एकही बसवलेला नाही.