टेकडीवरच्या फेऱ्या

फौजेची हार होऊन दोन दिवस झाले होते आणि मोराव्हियाच्या त्या थंडीत माटेय कुबाटला आता फक्त झोप हवी होती. तो चिलखती स्वार. दांडगा घोडा, छातीवर लोखंडी पत्रा, आणि काम एकच: बिगूल वाजला की समोरची फळी फोडायची. पहारा, टेहळणी ही कामं हुसारांची, हलक्या घोड्यांवरच्या त्या हंगेरियन पोरांची. पण हुसार आता उरले होतेच किती! म्हणून त्या सकाळी नाईक प्रोहास्कानं त्यालाच टेकडीवरच्या चौकीवर धाडलं.

"बैलाला घारीचं काम सांगताय," कुबाट कुरकुरला.

"बैल तर बैल. डोळे आहेत ना? जा. खाली गाड्यांत तुझाच भाऊ आहे."

धाकटा यानेक पायात गोळी घेऊन, पूल ओलांडायची वाट बघत जखमींच्या गाडीत पडला होता.

वर धुकं दाट होतं. चौकीवर एक हुसार आधीच उभा होता, डगला डोक्यावरून ओढलेला. चला, जाणता माणूस सोबतीला आहे, म्हणून कुबाटला हायसं वाटलं.

"काय रे, तुला बदली द्यायला कुणी आलंच नाही वाटतं?"

"नाही आलं..." आवाज खोल, दमलेला. ओल्या मातीचा वास आला.

मग तो लहानसा घोडा गोल फिरू लागला. एक फेरी, दुसरी, तिसरी... टापांचा आवाज मात्र नव्हता. कुबाटच्या अंगावर काटा आला. पण दमलेल्या माणसाला भीतीसुद्धा उशिरा वाटते.

"घोडा गरम करतोयस होय? कर बाबा." त्यानं खोगिरावरच डोळे मिटले.

जाग आली ती प्रोहास्काच्या हाकेनं. नाईक धापा टाकत वर आला होता.

"शाबास रे बैला! धुकं जरा फाटलं आणि तुझ्या फेऱ्या दिसल्या, म्हणून वाचलो."

"कसल्या फेऱ्या?"

"सोंग करू नकोस. चौकीवरचा स्वार गोल फिरला म्हणजे शत्रूचे घोडेस्वार आले. गाड्या तेव्हाच हाकल्या. यानेक पुलापार गेला."

कुबाटला रडूच कोसळलं. "मी नाही फिरलो, नाईक. मी झोपलो होतो. तो हुसार..."

"कुठला हुसार?" प्रोहास्काचा आवाज उतरला. "इथल्या हुसाराला पहाटे आम्हीच पुरलं... म्हणून तर तुला पाठवलं."

धुकं विरत चाललं होतं. खाली तळ रिकामा होता. पुलापलीकडं गाड्यांची रांग यानेकला घेऊन चढण चढत होती.

आणि त्या चढणीच्या माथ्यावर, गाड्यांच्या वाटेतच, एक लहानसा घोडा गोल गोल फिरत होता.