आठ दिवसांनी सांगते

फवाऱ्याचा व्हॉल्व्ह मी फिरवला आणि त्याच क्षणी कोणीतरी ओरडलं, "अहो... अहो, थांबा!"

घाईघाईने व्हॉल्व्ह बंद केला. जर्बेराच्या वाफ्यांमध्ये एक उंच माणूस उभा होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, त्यामुळे डोकं तेवढं कोरडं, बाकी सगळा ओलाचिंब.

"दार उघडं होतं," तो म्हणाला.

"म्हणून वाफ्यांतून यायचं? माणसांची वाट तिकडून आहे."

"हो का? मग मी आता बाहेर जाऊन माणसासारखा परत येऊ?"

मला हसू आवरेना. भिजलेला माणूस सहसा चिडतो, हा थट्टा करत होता. मी त्याला टॉवेल दिला.

जवळच नदीवर नवा पूल होत होता, तिथलं काँक्रीट तपासायचं काम त्याच्याकडे होतं. पुलाच्या उद्घाटनाला ग्लॅडिओलसची फुलं हवी होती, चांगली तीन-चारशे.

"तारीख?" मी विचारलं.

"कसली?"

"उद्घाटनाची. कंद लावल्यापासून फूल यायला बारा-तेरा आठवडे लागतात. तुम्ही तारीख सांगा, मी मागे मोजत येते आणि त्या आठवड्यात कंद लावते."

"ती तारीख..." त्याने टॉवेलने कान पुसला. "ती आम्हालाही माहीत नाही."

"पूल तुम्हीच बांधताय ना?"

"बांधतोय. पण त्याला कधी पूर्ण व्हायचंय, ते तो आम्हाला सांगत नाही."

आतून मावशी खुदकन हसली. ही रोपवाटिका मावशीची आणि माझी. लोकांचे सोमवार-मंगळवार असतात, आमचा तिसरा आठवडा असतो, सातवा असतो. कोणाच्या लग्नाची तारीख निघाली, की नवरीच्या आधी आम्ही कामाला लागतो. तारीख नसलेलं गिऱ्हाईक म्हणजे माझ्या डोक्याला ताप. पण त्या दिवशी का कोण जाणे, मी नको म्हटलं नाही.

"तीन तुकड्यांत लावते," मी म्हणाले. "एक आत्ता, एक दोन आठवड्यांनी, एक आणखी दोन आठवड्यांनी. तुमचा पूल केव्हाही उभा राहिला, तरी कोणती ना कोणती तुकडी फुलावर असेल. पण दर आठवड्याला येऊन पूल कुठवर आलाय ते सांगावं लागेल."

"दर आठवड्याला?" तो म्हणाला. "चालेल की..."

तो येऊ लागला. पाती वर आली, गुडघ्याला लागली, आणि तो गंभीर चेहरा करून सांगायचा, "पूल आणखी एक आठवडा मागे पडलाय."

"अरेरे!" मी म्हणायचे, आणि मान खाली घालून उगाचच तण उपटत बसायचे. गालातलं हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. तोही मग शेजारी उकिडवा बसायचा, आणि तणाबरोबर चांगली रोपंही उपटायचा. मी त्याच्या हातावर चापट मारायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. मावशीला मात्र बरोबर कळलं होतं.

"तुझे पूलवाले फुलं बघायला येतात," ती म्हणाली, "पण बसतात फुलांकडे पाठ करून."

एका मंगळवारी तो आला, पण तणाला हात लावला नाही. हेल्मेट हातात घेऊन नुसतं गोल फिरवत राहिला.

"पूल होतोय," तो म्हणाला. "आता मागे नाही पडणार."

"मग चांगलंच आहे की..." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"पुढचं काम खूप लांब आहे. दोन-तीन वर्षांचं. नाहीतर इथेच पुलाच्या देखभालीवर राहायचं. साहेबांना पुढच्या गुरुवारी सकाळी कळवायचंय. काय कळवू?"

"तुझं तू ठरव."

"माझं ठरलंय. तुझं विचारतोय."

तिथल्या तिथे हो म्हणायचं होतं मला. पण मावशीशी बोलायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर विचारल्याबरोबर हो म्हणणं माझ्या स्वभावात बसत नाही.

"आठ दिवसांनी सांगते," मी म्हणाले. "संध्याकाळी सहाला, पुलाच्या अलीकडच्या टोकाला."

"आठ दिवसांनी," त्याने जपून म्हटलं, आणि गेला.

मावशी म्हणाली, "मला काय विचारतेस? तुझ्या तोंडावर दिसतंय सगळं."

मंगळवारी मी निळा ड्रेस घातला. पुलाच्या टोकाशी उभी राहिले. कामगार घरी गेले, पुलावरचे दिवे लागले, नदीवरून गार वारा यायला लागला... तो आला नाही. घरी जाताना डोळे भरून येत होते आणि रागही येत होता, त्याच्यापेक्षा त्या निळ्या ड्रेसचा जास्त. फोन करायला हात गेला, पण मी कशाला करू? बुधवारी नेहमीसारखी फुलं घेऊन शहरातल्या बाजारात गेले.

गुरुवारी सकाळी तो दारात उभा होता. डोळे तांबारलेले.

"उद्घाटन सोमवारी आहे," तो म्हणाला. "फुलं न्यायला गाडी येईल. मी नसेन. साहेबांना कळवलंय, जातो म्हणून."

"वा! माझं उत्तर न ऐकताच?"

"मिळालं उत्तर. काल दोन तास उभा होतो तिथे."

"काल? काल कशाला?"

"आठ दिवस काल झाले."

"मी परवा उभी होते!"

"परवा तर सातच झाले होते."

"अरे, आठ दिवसांनी म्हणजे आठवड्याने! मंगळवारी म्हटलं, म्हणजे मंगळवारी! आठ दिवस कोण बोटांवर मोजतं?"

"मी मोजतो!" त्याचाही आवाज चढला. "काँक्रीटचे ठोकळे सातव्या दिवशी दाबून बघायचे असतात. सातव्या म्हणजे सातव्या. आठव्या दिवशी बघितले तर साहेब फाडून खातात. तू आठ म्हणालीस, मी आठ धरले."

"मग मी काय ठोकळा आहे?"

"दोघंही आहात!" आतून मावशी ओरडली.



"फोन का नाही केलास?" त्याने हळूच विचारलं.

"तू का नाही केलास?"

उत्तर दोघांचं एकच होतं, त्यामुळे कोणीच दिलं नाही.

"परवा..." तो चाचरत म्हणाला, "परवा काय सांगणार होतीस?"

"नको जाऊस, हे सांगणार होते." आता लाजायला वेळच नव्हता. "आवडतोस तू मला. फार आवडतोस. तू गेलास तर मला इथे करमणार नाही."

त्याने खिशातून फोन काढला. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं.

"साहेब, सकाळचं रद्द करा. मी इथेच राहतो."

साहेबांचा आवाज एवढा खणखणीत, की मलाही स्पष्ट ऐकू येत होता. "आत्ताच तुझं नाव घातलं मी तिकडे! कारण काय?"

"कारण... कारण घरगुती आहे, साहेब."

"घरगुती? अरे, तू लॉजवर राहतोस! तुला घर कुठे आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"आहे, साहेब," मी म्हणाले. "पत्ता लिहून घ्या."