दोन अ‍ॅम्प, एक उपरणं

सेलूत सितारामच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एका वेळी एकच गिऱ्हाईक उभं राहू शकतं. त्या दिवशी दोन उभी राहिली. शिवाय दोघांनी आपापला गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. प्रेमाला काही लोक नशीब म्हणतात. जागेची अडचण म्हटलं तरी चालतं.

"जरा सरका की," त्रिवेणी म्हणाली.

"कुठं सरकू? भिंतीत?"

"भिंतीत जा न्हाईतर छतावर. पाय तेवढा माझ्या अ‍ॅम्पवरून काढा."

त्यानं खाली पाहिलं, आणि पाय काढायचंच विसरला. लहानसा, मऊ साईच्या रंगाच्या कापडाचा, कोपऱ्यांना पितळ लावलेला अ‍ॅम्प. मागच्या जाळीतून जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह दिसत होते.

"हे... खरे व्हॉल्व्ह हायत?"

"न्हाई, बुंदीचे लाडू हायत."

तो हसला. तेव्हा तिला दिसलं की त्याच्या डाव्या भुवईवर कापसाचा एक धागा चिकटलाय. जिनिंगचा हंगाम होता. सगळं गावच थोडं थोडं पांढरं झालं होतं. पण बाकीच्या गावाकडे बघून तिला धागा काढायला हात पुढे करावासा वाटला नव्हता.

मग तिनं त्याचा अ‍ॅम्प पाहिला. काळा, कपाटाएवढा, चारातली तीन चाकं शिल्लक. एका बुडालेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यानं तो घेतला होता.

"एवढा मोठा!" ती म्हणाली. आवाजातला लोभ लपवायचं राहून गेलं.

त्याचं नाव योगीराज. येलदरीच्या धरणावरच्या वीज केंद्रात नोकरी, जिंतूरला भाड्याची खोली. या अ‍ॅम्पचा आवाज एकवर ठेवला तरी घरमालकाच्या मांडणीतली भांडी खाली यायची. त्रिवेणी कॉलेजात संगणक शिकवायची आणि गिटार वाजवायची. मागच्या गॅदरिंगला तिनं वाजवलं, पण पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांनासुद्धा ऐकू गेलं नाही. त्यांनी भाषणात तिच्या 'शांत आणि संयमी' वादनाचं कौतुक केलं. तो घाव अजून भरायचा होता.

"मग अदलाबदल करा," सिताराम सोल्डरच्या धुरातून म्हणाला. "अन् माझी जागा मोकळी करा."

इतकं सोपं होतं. अडचण एवढीच की दोन्हींत जास्त मोलाचा कोणता हे ठरल्याशिवाय वरचे पैसे कोणी कोणाला द्यायचे ते ठरेना. आणि त्रिवेणी मोंढ्यातल्या, कापसाच्या बाजारातल्या अडत्याची मुलगी होती. माल न पारखता सौदा करणं तिच्या घरात पाप मानलं जायचं.

"रविवारी आमच्या दुकानावर या," ती म्हणाली. "नीट बघून ठरवू."

"नीटच बघायला पाहिजे," तो म्हणाला. अ‍ॅम्पकडे मात्र बघत नव्हता.

त्रिवेणीच्या वडिलांच्या, लिंगराजअप्पांच्या अडतीवर त्या रविवारी योगीराजनं काळं कपाट लावलं, बटण दाबलं, आणि दुकानाचा फ्यूज उडाला. वजनकाटा विझला. काट्यावर एका शेतकऱ्याचा कापूस होता; तो हवेत बघत राहिला.

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "तुमी कुठं नोकरीला हाव म्हणलं?"

"वीज केंद्रात."

"बरं," अप्पा म्हणाले. फ्यूज योगीराजनंच बसवला. मग अप्पांनी विचारलं, "गाव कोनतं तुमचं?" आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न गावापुरता नसतो. आडनाव, सोयरेधायरे, देव्हाऱ्यात कोण, हे सगळं त्यात येतं.

"चारठाणा," योगीराज म्हणाला, आणि इकडून तिकडून बाकीचंही सांगितलं. आपल्यातला नाही एवढं अप्पांना कळलं. ते पुन्हा "बरं" म्हणाले. हा "बरं" पहिल्यापेक्षा जरा लांब होता.

पारख सुरू झाली. पहिल्या रविवारी ट्रान्सफॉर्मर. पुढच्या रविवारी स्पीकरचा पडदा. मग नॉब मूळचे की बदललेले. मग कोणीतरी इंटरनेटवर विलायतेतला भाव सांगितला, तर तिथला भाव मोंढ्यात धरावा का, यावर एक अख्खी दुपार आणि अनेक चहा. दर वेळी सगळं ठरत यायचं, आणि दर वेळी दोघांपैकी कोणाला तरी नवी शंका सुचायची. कारण दोघांनाही एक गोष्ट न बोलता कळली होती – सौदा झाला की रविवार संपले. सेलू आणि जिंतूरच्या मध्ये मग नुसता रस्ता उरणार होता.

"तुमचा आवाज लय गोड हाय," योगीराज म्हणाला.

"माझा?"

"...अ‍ॅम्पचा."

"हां. मला वाटलं, येलदरीच्या धरणावर ऐकू यायचं कमी होतं का काय."

"धरणावर काहीच ऐकू येत न्हाई. तिथं दिवसभर एवढंच ऐकू येतंय की रविवार कधी हाय."

त्रिवेणीनं घाईघाईनं एक नॉब फिरवला. तो कशाचा होता हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

आणि मग गॅदरिंग आलं. सोमवारवर आलं. मोठा अ‍ॅम्प हवा तर सौदा आदल्या रविवारी व्हायलाच हवा होता.

त्या दिवशी अप्पा गादीवर बसून ऐकत होते.

"खरं सांगतो," योगीराज म्हणाला, "माझ्याचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळलेला हाय. किंमत उतरते. वरचे पैसे मीच देतो."

"कामून तुमी? माझ्याचा एक व्हॉल्व्ह बदललेलाय. अन् पावसाळ्यात गुणगुणतो. मीच देते."

"चाक बी न्हाई एक माझ्याला!"

"माझ्या कापडाला मागून उंदरानं कुरतडलंय, दाखवू?"

"थांबा!" अप्पा ओरडले. चाळीस वर्षांच्या अडतीत ते पहिल्यांदाच ओरडले असावेत. शेजारच्या गादीवरचा माणूस उठून उभा राहिला. "काय करायलाव तुमी? आपल्या मालातली खोट आपणच सांगायलाव? अन् पैसे देतो देतो म्हणून भांडायलाव? असा सौदा मी बैलबाजारात बी बघितला न्हाई!"

दोघांनी आपापल्या अ‍ॅम्पवरचा हात काढला.

"तोंडानं न्हाई जमायचं तुमच्यानं. जुन्या रीतीनं करा."

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. आता मोंढ्यात लिलाव मोठ्यानं पुकारून होतात. पण जनावरांच्या बाजारात अजून उपरण्याखाली भाव ठरतो. कापडाखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितके हजार. कबूल असेल तर हात तसाच ठेवायचा. नसेल तर काढून घ्यायचा. हात सुटला की सौदा मोडला. तोंडानं एक शब्द नाही, म्हणून भांडण नाही.

अप्पांनी हे सगळं समजावून सांगितलं. बिचाऱ्यांनी धंद्याच्या नजरेनंच सांगितलं.

उपरणं पसरलं. त्याला कापसाचा, तपकिरीचा, उन्हाचा वास होता. त्रिवेणीनं त्याखाली हात सरकवला. क्षणभर काहीच नाही... मग तिच्या करंगळीला काहीतरी लागलं. थांबलं. वीज केंद्रातल्या माणसाच्या मानानं त्याची बोटं फार गार होती.

एक बोट धरलं. एक हजार. ठीक.

दुसरं. तिसरं. तिनं वर पाहिलं. योगीराज समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता. कान लालबुंद.

चौथं. पाचवं. अंगठ्यासकट.

सगळा हात त्याच्या हातात होता. आता ती काय करते, एवढंच उरलं होतं. हात काढला तर सौदा मोडला, रविवार मोडले, सगळं मोडलं. हे त्याला माहीत होतं. म्हणून तर तो कॅलेंडरकडे बघत होता. आणि ते मागच्या वर्षाचं होतं.

त्रिवेणीनं हात काढला नाही. उलट बोटं वळवून त्याच्या बोटांत अडकवली, घट्ट.

"झालं?" अप्पांनी विचारलं.

"झालं," त्रिवेणी म्हणाली. आवाज तिच्या अ‍ॅम्पसारखाच गुणगुणला.

"किती ठरले?"

योगीराजनं कॅलेंडरवरची नजर काढली.

"पाच," शेवटी योगीराज म्हणाला.

"पाच हजार. कोन देणार, कोन घेणार?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी एक गोष्ट ठरवायची राहूनच गेली होती. त्रिवेणीला हसू फुटलं, मग त्यालाही. उपरणं हसण्यानं हलायला लागलं.

"आता हात सोडा की," अप्पा म्हणाले. "सौदा झालाय ना?"

"पण अप्पा," त्रिवेणी खाली बघत म्हणाली, "हात सुटला की मोडतो म्हणलात ना तुमी?"

अप्पा बघत राहिले. दुकानात कापसाचे धागे तरंगत होते. काट्यावरच्या लाल आकड्यांत शून्य होतं. आयुष्यभर त्यांनी उपरण्याखालचे सौदे पाहिले होते, आणि कोणता टिकणार हे त्यांना बोटांवरून नाही, चेहऱ्यांवरून कळायचं. हा टिकणारा होता. त्यांना तो आवडला होता असं नाही. पण टिकणारा होता.

"बरं," ते म्हणाले. हा तिसरा. आधीच्या दोन्हींपेक्षा मऊ.

"पुढच्या रविवारी तुमच्या घरच्यांना घेऊन या," योगीराजला म्हणाले. "वरच्या पैशाचं मोठ्या माणसांत बघू. अन् ते कपाट लावायच्या आधी मला सांगत जा. मी काटा बंद करत जाईन."

मग ते चपला घालून निघाले. त्या संध्याकाळी सेलूच्या मोंढ्यातून लिंगराजअप्पा पहिल्यांदाच मोकळ्या खांद्यानं घरी गेले. वाटेत दोघातिघांनी उपरण्याचं विचारलं.

"दुकानावर हाय," अप्पा म्हणाले. "कामात हाय."