आठ गाण्यांतली खोली

भुंग्याची आठही गाणी सोमवारी सकाळी आली. ताईंनी नेहमीप्रमाणे आधी चहा संपवला, चष्मा पुसला आणि मगच पहिलं गाणं लावलं.

दुसऱ्यांनी केलेल्या गाण्यांवर शेवटचा हात फिरवायचा, हे ताईंचं काम. कुठे ठोका फार दणदणतोय, कुठे एखादा आवाज कानाला टोचतोय, ते हेरायचं, सगळी गाणी एका पातळीवर आणायची आणि पुढे पाठवायची. सव्वीस वर्षं त्या तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत, जाड लोकर मढवलेल्या भिंतींमध्ये बसून हेच करत होत्या. त्यांच्या कानावर लोक डोळे मिटून विश्वास टाकत. म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर काय म्हणाले, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डाव्या कानाला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते.

भुंगा म्हणजे नाचायचं संगीत करणारा चाळिशीतला माणूस. सतत गुणगुणतो म्हणून त्याला हे नाव पडलेलं. आजवर सुटी गाणी केली, पण अख्खा अल्बम हा पहिलाच. अकरा महिने तो दार लावून कॉम्प्युटरपुढे बसला होता. "ताई, एकही माइक लावलेला नाही," तो फोनवर अभिमानानं म्हणाला होता, "सगळं मशीनच्या पोटातच जन्मलंय."

तिसऱ्या गाण्याला ताईंचा हात बटणावरून उचलला गेला.

गाण्याभोवती खोली होती.

आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि त्या परतण्यावरून खोली कळते. मशीनमध्ये जन्मलेल्या आवाजाला भिंती नसतात. असल्याच तर कुणीतरी मुद्दाम लावलेल्या, खोट्या; आणि खोटी खोली ताई क्षणात ओळखत. ही तशी नव्हती. अरुंद, लांबट, गार. ठोका पडला की पायाखालून गुळगुळीत, कडक असं काहीतरी उत्तर देई.

कानच दगा देतोय, त्यांना वाटलं. मग त्यांनी बाहेर पेपर वाचत बसलेल्या वडिलांना हाक मारली.

"बाबा, जरा आत येता?"

बाबांनी चाळीस वर्षं घराघरांतून फरशा बसवल्या होत्या. बोटाच्या पेरानं टकटक करून खाली कुठे पोकळ राहिलंय ते सांगायचे. ते काठी टेकत आले, स्पीकरसमोर मान कलती करून उभे राहिले.

"लांबट आहे," ते म्हणाले. "दहा बाय सहा असेल. भिंतीला कमरेपर्यंत फरशी. चांगली बसवलीय."

"म्हणजे तुम्हालाही ऐकू येतंय!"

"न ऐकू यायला काय झालं?" बाबा थोडे फुरंगटले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "पण रिकामी नाही गं."

"म्हणजे?"

"दाराशी कोणीतरी उभं आहे. रिकाम्या खोलीत ठोकलं की आवाज सगळीकडून परततो. माणूस असला की तेवढ्या जागेतून येत नाही. अंगात मुरतो."

ताई हसल्या. मग त्यांनी पाचवं गाणं लावलं.

"आता मधे आलंय," बाबा म्हणाले.

सातव्याला ते एक पाऊल मागे सरकले, कुणाला वाट द्यावी तसे. आठवं ताईंनी त्यांना ऐकवलंच नाही.

मंगळवारी भुंगा आपला कॉम्प्युटर घेऊन आला. दोघांनी गाणं उसवलं. ठोका एकटा वाजवला तर अगदी कोरडा, खोली नाही. खालचा घुमता सूर एकटा, कोरडा. दोन्ही एकत्र वाजवले, की भिंती उभ्या. ताईंनी वायरी बदलल्या, स्पीकर बदलले, वरच्या मजल्यावर जाऊन साध्या हेडफोनवर ऐकलं. भिंती तिथेही होत्या.

भुंग्याला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

तो नखं कुरतडत बसला. "तिसऱ्या गाण्यापासून. ताई, एरवी मी चार सूर लावतो आणि तीन पुसतो. अकरा महिने एकटा होतो, वेड लागायची पाळी होती. पण मग वाटायला लागलं, कोणीतरी ऐकतंय. मन लावून. मग पुसवेना."

"मी काढून टाकणार आहे ते."

"राहू द्या ना."

"अरे, लोक म्हणतील, म्हातारीला साधी घाण साफ करता येईना." त्या जरा जास्तच तोडून बोलल्या. डाव्या कानाचं दुखणं बोलत होतं ते.

भुंग्यानं कॉम्प्युटर आवरला. निघताना दारात थांबला. "काढा. पण ताई... त्यांना काही होणार नाही ना?"

"कुणाला?"

तो जिना चढून गेला.

बुधवारचा अख्खा दिवस गेला. प्रत्येक ठोक्यामागचं परतणं ताईंनी नखानं साल काढावी तसं सोलून काढलं. संध्याकाळी बाबांना पुन्हा उभं केलं.

बाबांनी डोळे मिटले. "गेली. खोली गेली."

ताईंनी खुर्चीत पाठ टेकली.

"माणूस आहे," बाबा म्हणाले.

ताईंनी पुन्हा लावलं. भिंत नव्हती, फरशी नव्हती. पण आवाज समोर सगळीकडून येत होता आणि मधे एका जागेतून, खांद्याएवढ्या रुंदीत, येत नव्हता. जे वाजत होतं ते त्या कमी करू शकत होत्या. जे वाजतच नव्हतं, ते कशानं काढणार?

शुक्रवारी त्यांनी अल्बम पाठवून दिला. कुणाला काही सांगितलं नाही.

अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला. महिन्याभरानं भुंग्यानं एका मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला, दुपारी चारचा. ताई वरच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. खाली हजारभर माणसं, तीळ ठेवायला जागा नाही. घामाचा, अत्तराचा, गरम वायरींचा वास. भुंग्यानं पहिलं गाणं लावलं आणि सगळी गर्दी एका लयीत वरखाली होऊ लागली. ताईंना बरं वाटलं. आपण उगाच घाबरलो, त्यांनी स्वतःला सांगितलं.

तिसरं गाणं सुरू झालं.

मागच्या दाराजवळ गर्दीत एक फट पडली. एका माणसापुरती.

कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. हात उडत होते, कोपर फिरत होते, पण त्या जागेच्या कडेशी आले की आपोआप वळत होते.

पाचव्या गाण्याला ती फट सभागृहाच्या मधोमध होती.

सातव्याला, मंचासमोर.

ताईंनी कठडा घट्ट धरला. वरून त्यांना भुंगा दिसत होता. तो बटणांकडे बघत नव्हता. खाली, त्या रिकाम्या जागेकडे बघून ओळखीचं हसत होता.

तेवढ्यात मागे मागे सरकत नाचणारी एक मुलगी त्या जागेत शिरली, कशालातरी धडकून थबकली, आणि वळून म्हणाली, "सॉरी हं."

मग तिनं मान जराशी वर केली, समोरचा आपल्यापेक्षा उंच असावा तशी, आणि तो जे बोलला ते नीट ऐकून घेऊन होकारार्थी मान हलवली.