मेंढीचोराचा दगड

क्लेम म्हाताऱ्याने शेकोटीत लाकूड सरकवलं. नातवंडं पांघरुणांत गुरफटून बसली होती.

"आपल्या आयरिसची गोष्ट. चौदा जून. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं."

आयरिसच्या वडिलांना मूळपुरुषाशेजारी पुरून पाच दिवस झाले होते. मूळपुरुषाचा दगड पार झिजलेला. शनिवारी पाथरवट येऊन त्यावर दोघांची नावं कोरणार होता. वडील जन्मभर सांगत आले, आपला पूर्वज सैनिक, जोसेफ हेल. इथे घराघरांत असे सैनिक. कैद्याचं नाव कुणी काढत नसे. पण शिक्षा म्हणून समुद्रापलीकडून बोटीने आणून होबार्ट बंदरात उतरवलेल्या कैद्यांच्या जुन्या यादीत आयरिसला जोसाया टॅप सापडला. बायको तीच, लग्नाची तारीख तीच. गुन्हा, एक मेंढी. खूण, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी.

खरा कोण, ते दगडच सांगणार होता. झिजलेली अक्षरं दिवसा दिसत नाहीत. रात्री विजेरीचा आडवा उजेड पाडला तर उठतात. मग वर कागद धरून कोळसा घासायचा.

तिचा भाऊ रॉय कबरस्तानाच्या फाटकाशी गाडीतच बसला. "ताई, बाबांना मेल्यावर चोराच्या घरचं करू नकोस."

"मेंढीचोर रे. मटण तर तूही सोडत नाहीस."

ती एकटीच आत गेली.

वारा होता. कागद फडफडत होता. तिने डावी कड गुडघ्याने दाबली, कोळसा फिरवायला लागली.

उजवी कड स्थिर झाली.

"आलास ना शेवटी?" तिने मान वर न करताच विचारलं.

ती घासत राहिली.

फाटकाकडे हॉर्न वाजला. "ताई... आवर गं!" रॉयचा आवाज. लांबून.

आयरिस हलली नाही.

कागदही हलला नाही...

"मग, आजोबा?" धाकटी टेगन पुटपुटली.

"मग काय. कागद ओढला आणि पळाली."

गाडीतल्या दिव्याखाली दोघांनी तो उलगडला. अक्षर एकही उठलं नव्हतं. उजव्या कडेला काळा पंजा उठला होता. दगड आणि कागद यांच्यामध्ये कुणी पालथा हात ठेवावा, तसा. रॉयने बोटं मोजली. पुन्हा मोजली. गाडी सुरू केली.

शनिवारी पाथरवटाला नाव रॉयनेच सांगितलं. टॅप.

"तुम्ही पाहिलात तो कागद?" टेगनने विचारलं.

क्लेमने डावा हात शेकोटीसमोर धरला. दोन बोटं अर्धी मुडपली. आणि तसाच बसून राहिला.